चिनूक, एमआय-२६ आणि सुटा न होणारा बोजा

गिरिपथ

चिनूक किंवा एमआय-२६ या जड हेलिकॉप्टरांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते 'एवढे टन उचलतं, एवढे जवान नेतं' इथेच थांबतं. म्हणून हा धागा.

टनांच्या आकड्याने दिशाभूल होते. दहा टन तांदूळ डोंगरावर पोचवायचा असेल तर एमआय-१७ सारखं मध्यम हेलिकॉप्टर तीन-चार फेऱ्यांत पोचवतं, वेळ जास्त लागतो एवढंच. दहा टनांचा डोझर मात्र तीन फेऱ्यांत जात नाही. तो अखंड जातो, नाहीतर जातच नाही. खोलून तुकड्यांत नेला तर जोडायला वर क्रेन लागते, आणि ती क्रेन वर न्यायची कशी हा प्रश्न उरतोच. जड हेलिकॉप्टरची किंमत अशा सुट्या न होणाऱ्या बोज्यावर ठरते: १५५ मिमीची तोफ, डोझर, एक्स्कव्हेटर, इंधनाचा बाउझर (टँकर), मोठा जनरेटर, बंद पडलेलं दुसरं हेलिकॉप्टर.

आपल्याकडची यंत्रं थोडक्यात. एमआय-२६: आठ पात्यांचा ३२ मीटर व्यासाचा रोटर, कमाल उड्डाणवजन ५६ टन, रिकामं वजन साधारण २८ टन, बोजा २० टनांपर्यंत. १९८६ पासून चंदीगडच्या १२६ हेलिकॉप्टर फ्लाइटकडे. एकूण चार घेतली, त्यातलं एक २०१० मध्ये जम्मूला अपघातात गेलं. चिनूक: २०१५ च्या करारातली १५, पहिली तुकडी २५ मार्च २०१९ ला चंदीगडलाच दाखल, दुसरी पुढे आसामात मोहनबारीला. उड्डाणवजन २२,६८० किलो, बोजा दहा-अकरा टन. आणि रोजचं काम ओढणारं एमआय-१७ व्ही५: उड्डाणवजन १३ टन, बोजा ४ टन.

हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. लेहच्या उंचीवर काय होतं ते इथले सदस्य 'टॉर्क' सांगतील अशी अपेक्षा आहे. तोफांचं आणि स्लिंगचं (बोजा दोरांनी खाली टांगून नेण्याचं) ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही लिहावं.

मीनल

चांगला विषय. जड हेलिकॉप्टरची किंमत कळायला ते *नसताना* काय झालं ते पाहावं, आणि त्यासाठी १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धाइतकं स्वच्छ उदाहरण नाही.

ब्रिटिश सैन्य २१ मे रोजी सान कार्लोसला उतरलं. तिथून राजधानी स्टॅनलीपर्यंत दलदल आणि दगडगोटे, वाहन चालेल असा रस्ता नाही. सैन्य हेलिकॉप्टरने पुढे सरकवायचं ठरलं होतं आणि त्यासाठीची चिनूक 'अटलांटिक कन्व्हेयर' या जहाजावर होती. २५ मे रोजी त्या जहाजावर एक्झोसेट क्षेपणास्त्रं आदळली. तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरं जळून गेली. चौथं चिनूक, 'ब्राव्हो नोव्हेंबर', त्या वेळी हवेत होतं म्हणून वाचलं. त्याचे सुटे भाग, दुरुस्तीची हत्यारं आणि देखभालीची पुस्तकं मात्र जहाजावरच होती.

परिणाम असा की मरीन आणि पॅराशूट बटालियन पाठीवर ओझं घेऊन पूर्व फॉकलंड पायी ओलांडत गेल्या. जवळपास ९० किलोमीटर, तेही दक्षिणेकडच्या हिवाळ्यात. सैनिक पायी जाऊ शकले, तोफा आणि गोळे जाऊ शकत नव्हते. मग त्या एकट्या चिनूकवर सगळा भार आला. ३० मेच्या रात्री त्याने माउंट केंट डोंगराकडे तीन १०५ मिमी तोफा आणि २२ माणसं एका फेरीत नेली: दोन तोफा पोटात, एक खाली टांगून. परतताना हिमवृष्टीत ते पाण्यावर आपटलं आणि तरीही तळावर आलं. पुढे फिट्झरॉयला एका खेपेत ८१ सैनिक उभ्याने नेले. युद्ध संपेपर्यंत त्या एका यंत्राने सुमारे १५०० सैनिक, ६५० युद्धकैदी आणि ५५० टन सामान वाहिलं.

एका चिनूकने एवढं केलं. चार असती तर लढाईचं वेळापत्रकच वेगळं झालं असतं. आणि दुसरी बाजूही याच घटनेत आहे: इतकी मोलाची यंत्रं एका जहाजावर ठेवली आणि एका हल्ल्यात तीन गेली.

अभय_ना

मीनलताई, प्रतिसाद आवडला. पण भारताचं उदाहरण उलट सांगतं असं मला वाटतं. ९ डिसेंबर १९७१, मेघना नदी. आशुगंजचा पूल पाकिस्तानने उडवलेला. लेफ्टनंट जनरल सगतसिंग आणि ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांनी ब्राह्मणबाडियाहून पलीकडे रायपुऱ्याला सैन्य उतरवलं. एमआय-४ हे जुनं, पिस्टन इंजिनचं, दीड-दोन टन नेणारं यंत्र. डझनभर लहान हेलिकॉप्टरांनी रात्रंदिवस फेऱ्या मारून ढाक्याचा रस्ता मोकळा केला. मग जड हेलिकॉप्टरचा आग्रह कशाला? त्याच पैशांत जास्त एमआय-१७ आली तर एखादं पडलं तरी काम थांबत नाही.

गिरिपथ

अभय, मेघनेचं उदाहरण बरोबर आहे, पण बोजा काय होता ते पाहा. पायदळ. माणूस हा सुटा होणारा बोजा आहे. शिवाय मैदानी नदीकाठ, डिसेंबरची थंड हवा आणि आकाशात आपल्याच वायुदलाचं वर्चस्व. तेव्हाही रणगाडे आणि मोठ्या तोफा त्या हवाई पुलावरून गेल्या नाहीत. पीटी-७६ रणगाडे तरंगणारे होते, त्यांना नदी पोहून पार करावी लागली, बाकीचं होड्यांनी. एमआय-१७ जास्त हवीत हे मान्यच आहे, दैनंदिन रसद तीच वाहतात. मुद्दा एवढाच की चार टनांच्या वरची एकसंध वस्तू आली की शंभर एमआय-१७ असली तरी उपयोग नाही.

टॉर्क

उंचीचं गणित मांडतो.

लेहची धावपट्टी १०,६८२ फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात त्या उंचीला तापमान उणे ६ अंश धरतात. उन्हाळ्यात दुपारी तिथे २५ अंश असतात, म्हणजे फरक ३१ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट या ठोकताळ्याने डेन्सिटी अल्टिट्यूड १४,४०० फुटांवर जाते. यंत्राला आपण साडेचौदा हजारांवर आहोत असंच वाटतं. हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांवर येते. त्याच ठिकाणी पहाटे ५ अंश असताना तीच १२,००० फूट भरते. म्हणूनच लडाखमध्ये जड फेऱ्या पहाटे उरकतात. दुपारी दऱ्यांत वारा सुटतो हे दुसरं कारण.

विरळ हवेचा फटका दोन्हीकडून बसतो. पात्यांना तेवढीच उचल मिळवायला जास्त शक्ती लागते आणि इंजिनाला हवा कमी मिळाल्याने त्याची शक्ती घटलेली असते. एमआय-२६ चं यात विशेष नुकसान होतं. जमिनीच्या आधाराशिवाय अधांतरी तरंगण्याची त्याची मर्यादा सुमारे १,८०० मीटर धरतात. त्याच्या वर ते बोजा घेऊन उभं उठत नाही असं नाही, पण बोजा बराच कमी करावा लागतो किंवा थोडं धावून उठायला-टेकायला जागा लागते. केदारनाथ ३,५०० मीटरच्या वर आहे. २०१३ नंतरच्या पुनर्बांधणीत एमआय-२६ तिथे नेण्यासाठी आधी मोठा हेलिपॅड करावा लागला, तो यासाठीच.

आता चिनूकचा हिशेब. कमाल वजन २२,६८०. रिकामं यंत्र ११,१००-११,२०० च्या आसपास. चालक दल, आसनं, चिलखती पत्रे, बंदुका, दोर-साखळ्या मिळून ७००-८०० किलो धरा. उरले साडेदहा टन. त्यात इंधन आणि बोजा दोन्ही. तासाला साधारण बाराशे किलो इंधन जातं. दीड तासाची फेरी आणि अर्ध्या तासाचा राखीव साठा धरला तर इंधन २,४०० किलो. बोजा उरला आठ टन, तोही सपाटीवर. लेहच्या दुपारी यातले आणखी काही टन जातात. नेमके किती ते त्या यंत्राच्या कामगिरी-तक्त्यातून त्या दिवशीचं तापमान, उंची आणि इंजिनाची तपासलेली शक्ती टाकूनच काढायचं. 'चिनूक दहा टन नेतं' असं म्हणून बेत आखला तर पहिल्याच फेरीत फसतो.

वरच्या तळावर इंधन न भरता परतायचं असेल तर परतीचं इंधनही वर न्यावं लागतं, म्हणजे तेवढा बोजा कमी. म्हणून मोहिमेत पहिली जड वस्तू बहुतेक वेळा इंधनच असते. २०१३ च्या उत्तराखंड आपत्तीत एमआय-२६ ने गौचरला इंधनाचा बाउझर नेला. तो तिथे पोचल्यावर लहान हेलिकॉप्टरं तिथेच इंधन भरून वर जाऊ लागली. प्रत्येक फेरीला खालपर्यंत येण्याचा वेळ वाचला. बचाव झालेल्यांच्या यादीत त्या बाउझरचं नाव येत नाही, पण त्याने वाढलेल्या फेऱ्यांवरच कितीतरी माणसं खाली आली.

मीनल

टॉर्क, दोन रोटर असल्याने चिनूकला उंचीवर फायदा होतो असं म्हणतात. तो नक्की कुठून येतो?

टॉर्क

तीन गोष्टी आहेत. शेपटीचा रोटर नाही, म्हणून यंत्र गरगरू नये यासाठी वेगळी शक्ती खर्ची पडत नाही. दोन्ही रोटर उलट दिशेने फिरतात आणि इंजिनाची शक्ती उचलीलाच लागते. दुसरी गोष्ट, शेपटीचा रोटर नसल्याने बाजूने किंवा मागून येणारा वारा कमी जाचक. डोंगरात वारा कुठून येईल ते सांगता येत नाही, तिथे हे फार उपयोगी. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी: गुरुत्वमध्य पुढे-मागे सरकायला भरपूर वाव. एकच रोटर असलेल्या यंत्रात बोजा थोडा मागे ठेवला तरी नाक वर होतं. चिनूकमध्ये पुढचा-मागचा रोटर ते सांभाळून घेतात. त्यामुळे मागची चाकं कड्यावर टेकवून, नाक दरीवर अधांतरी ठेवून, मागच्या रॅम्पने माणसं चढवता-उतरवता येतात. सपाट जागा नसलेल्या धारेवर हे चालतं.

याची किंमतही द्यावी लागते. दोन रोटरांच्या फिरण्याच्या कक्षा एकमेकींत शिरतात. ती पाती एकमेकांना लागू नयेत म्हणून दोन्ही गिअरबॉक्सना जोडणारा लांब शाफ्ट पाठीवरून जातो. एक इंजिन बंद पडलं तर दुसरं याच शाफ्टमुळे दोन्ही रोटर चालवतं. म्हणजे हा शाफ्ट, त्याची बेअरिंग आणि जोडण्या यांच्या तपासणीत ढिलाई बिलकुल चालत नाही.

तोफखाना

गिरिपथ यांनी तोफेचा उल्लेख केलाय, त्याचं सविस्तर लिहितो.

एम-७७७ ही १५५ मिमी तोफ टायटॅनियममुळे सुमारे ४,२०० किलोंत बसते. त्याच कॅलिबरची आपली जुनी ओढून न्यायची बोफोर्स तोफ याच्या दुपटीहून जड आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये १४५ तोफांचा करार झाला आणि ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत त्या के-९ वज्र या स्वयंचलित तोफांसोबत सैन्यात दाखल झाल्या. वजन इतकं खाली आणण्याचं मुख्य कारण हेलिकॉप्टरने टांगून नेता यावी हेच. ४,२०० किलो हे एमआय-१७ च्या हुकाला कागदावर काठावर, आणि डोंगरात बाहेरच. चिनूकला मात्र आरामात.

पण तोफ पोचली म्हणजे तोफखाना पोचला असं होत नाही. एका तोफेमागे सात-आठ जणांचं पथक. साध्या १५५ मिमी गोळ्याचं वजन ४३ किलो, त्यावर प्रक्षेपक दारू, फ्यूज आणि पेट्या. एक संपूर्ण नग ५५ किलो धरला तर ३० नगांचे साडेसोळाशे किलो होतात. तोफ ४,२००, गोळे १,६५०, दहा माणसं सामानासह हजार. म्हणजे सात टनांच्या जवळ. सपाटीवर हे एका फेरीत जमतं: तोफ खाली टांगलेली, माणसं आणि पहिले गोळे पोटात. उतरल्यावर लगेच मारा सुरू करता यावा यासाठी ही रचना. उंचीवर दोन फेऱ्या कराव्या लागतात, आणि तेव्हा माणसं आणि गोळे *आधी* जावेत. तोफ आधी टाकून पथक अर्ध्या तासाने आलं तर तेवढा वेळ तोफ उघड्यावर, राखणीविना.

आणि ३० गोळे म्हणजे काहीच नाही. सहा तोफांची बॅटरी एकदा बोलू लागली की ते काही मिनिटांत संपतात. पुढचा सगळा दारूगोळा वरच हवेतून यायचा असेल तर तोफ नेण्यापेक्षा ती *चालू ठेवण्यात* हेलिकॉप्टरचे जास्त तास जातात. हा हिशेब न करता तोफ शिखरावर नेऊन बसवणं ही नेहमीची चूक.

रिगर

तोफ टांगण्याचं मी सांगतो, कारण घोटाळे बहुतेक जमिनीवरच होतात.

आधी दोरांचा ताण. चार पायांचं स्लिंग असलं तरी चारही पाय सारखा भार घेत नाहीत. बोजा कडक असेल तर प्रत्यक्षात दोनच पाय ताणलेले असतात, म्हणून हिशेब दोन पायांचा धरायचा. ४,२०० किलोंना प्रत्येकी २,१००. पण दोर सरळ उभे नसतात. आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर १.१५ ने गुणा, ४५ अंशांना १.४१ ने, ३० अंशांना थेट २ ने. म्हणजे ४५ अंशांत एका पायावर जवळपास तीन टन येतात आणि ३० अंशांत ४,२००. लांब दोर घेतले की कोन उभा होतो आणि ताण उतरतो. 'दोर आखूड होते म्हणून तसेच लावले' हे वाक्य अपघाताच्या चौकशीत यायला नको.

दुसरं, साखळीच्या कड्या. प्रत्येक पायाच्या टोकाला साखळी असते आणि ठरावीक कडी पकडीत अडकवायची असते. पुढच्या पायांना एक आकडा, मागच्यांना दुसरा, म्हणजे बोजा हवेत योग्य तिरपा राहतो. एखादी कडी चुकली तर तोफ नाक वर करून उडू लागते आणि वेग वाढला की डोलते. दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं आणि मोठ्याने सांगायचं.

तिसरं, दोर मोकळे लोंबू द्यायचे नाहीत. पातळ सुती फितीने ते बोज्यावर बांधून ठेवायचे. उचलताना ताण आला की फीत आपोआप तुटते. हे केलं नाही तर दोर चाकात, नळीच्या टोकात किंवा दिशादर्शकात अडकतो, आणि ते वरून दिसत नाही.

चौथं, स्थिर वीज. हवेत फिरणाऱ्या यंत्राच्या सांगाड्यावर वीज साठते, कोरड्या थंड हवेत आणि उडत्या बर्फात जास्तच. हूक हाताने धरण्याआधी जमिनीत खुंटी ठोकून तारेने जोडलेली दांडी हुकाला लावायची आणि जोडणी पूर्ण होईपर्यंत *लावून ठेवायची*. एकदा टेकवून काढली तर काही क्षणांत वीज पुन्हा साठते. झटक्याने माणूस तोफेवरून खाली फेकला जातो.

पाचवं, खालचा वारा. २२ टनांचं यंत्र हवेत धरायला तेवढी हवा खाली ढकलावी लागते. साधं गणित केलं तरी चिनूकखाली तासाला ९५ किलोमीटर आणि पूर्ण वजनाच्या एमआय-२६ खाली १२० किलोमीटर वेगाचा झोत येतो. पत्रे, ताडपत्री, रिकामे कॅन आधीच उचलून ठेवायचे. हुकाखालच्या पथकाला हेल्मेट, घट्ट चष्मा, कानाचं संरक्षण. निसटायचा मार्ग आधी ठरलेला असावा: यंत्र खाली येऊ लागलं तर सगळे एकाच, ठरलेल्या बाजूला पळतात.

चिनूकला खाली तीन हूक असतात. मधला एकटा सुमारे पावणेबारा टन धरतो. पुढचा आणि मागचा मिळून बोजा दोन ठिकाणी धरला की तो गोल फिरत नाही आणि वेगाने नेता येतो. तोफेसारख्या लांब वस्तूला दोन हूकच बरे.

अभय_ना

३१ ऑगस्ट २०२४ ला केदारनाथजवळ एमआय-१७ ला टांगलेलं एक नादुरुस्त हेलिकॉप्टर खाली सोडून द्यावं लागलं होतं. चूक कुठे झाली असेल?

रिगर

बातम्यांत वजन आणि वाऱ्यामुळे तोल जाऊ लागल्याचं आलं होतं. त्या विशिष्ट घटनेचा निवाडा मी देणार नाही. अशा बोज्याचा सर्वसाधारण धोका सांगतो. जड आणि आटोपशीर वस्तू सरळ लोंबते. हलकी पण आकाराने मोठी वस्तू, म्हणजे रिकामा कंटेनर, केबिन किंवा हेलिकॉप्टरचा सांगाडा, वाऱ्यात पंखासारखी वागते. विशिष्ट वेगाला झोके सुरू होतात आणि वाढत जातात. पहिला उपाय वेग कमी करणं. तरीही झोके थांबले नाहीत तर बोजा सोडणं, कारण झोका रोटरपर्यंत किंवा शेपटीपर्यंत आला तर सगळेच जातात. वैमानिकाने वेळेवर सोडणं हा अपयशाचा शिक्का नव्हे. ती यंत्रणाच त्यासाठी आहे. म्हणून मार्ग असा आखतात की खाली वस्ती, रस्ता, यात्रेकरू नसावेत.

सांगाडा नेताना आधी रोटरची पाती काढतात, इंधन रिकामं करतात, दारं बांधतात आणि शेपटीला झोका कमी करणारं छोटं पॅराशूट लावतात. २००२ मध्ये अफगाणिस्तानात अडकलेलं अमेरिकी चिनूक भाड्याच्या नागरी एमआय-२६ ने उचलून नेलं, तेही असंच हलकं करून. चिनूकलाच उचलायचं तर त्याहून मोठं यंत्र लागतं. ज्यांच्याकडे ते नसतं ते अडकलेलं यंत्र तिथेच उडवून देतात.

मीनल

एक मुद्दा नागरी-लष्करी सीमेवरचा. २००८ च्या वेनचुआन भूकंपात चीनच्या तांगजियाशान इथे दरड कोसळून नदी अडली आणि मोठा तलाव झाला. खाली लाखो माणसं, रस्ता नाही. एमआय-२६ ने एक्स्कव्हेटर आणि डोझर टांगून दरडीच्या धरणावर नेले, चर खोदला आणि जूनमध्ये पाणी नियंत्रणात सोडलं. गिरिपथ यांचा सुट्या न होणाऱ्या बोज्याचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. हिमालयात दरडी कोसळून असे तलाव होतात, आणि तिथे हजार जवान फावडी घेऊन पोचले तरी चर वेळेत होत नाही.

अभय_ना

उपयोग पटला. आता धोक्याचं बोलू. १९ ऑगस्ट २००२ ला चेचन्यात खांकलाजवळ एमआय-२६ खांद्यावरच्या क्षेपणास्त्राने पाडलं, १२७ माणसं गेली. ६ ऑगस्ट २०११ ला अफगाणिस्तानात आरपीजीने (खांद्यावरून डागायच्या रॉकेटने) चिनूक पडलं, ३८ गेले. आता तर स्वस्त ड्रोन आहेत. एवढं मोठं, आवाज करणारं लक्ष्य युद्धात पुढे न्यायचं का?

गिरिपथ

शत्रूच्या डोळ्यांसमोर न्यायचंच नाही, हे उत्तर. खांकलाला मुळात क्षमतेच्या कितीतरी जास्त माणसं कोंबलेली होती. ८०-८५ जणांच्या यंत्रात दीडशेच्या आसपास. ते पडलं सुरुंगांच्या पट्ट्यात आणि त्यातून बळी वाढले. जड हेलिकॉप्टरची जागा पहिल्या हल्ल्यात नाही. आघाडीमागे, डोंगराच्या आडोशाने, रात्री, वेगवेगळ्या वाटांनी. सोबत क्षेपणास्त्राची सूचना देणारी यंत्रणा आणि क्षेपणास्त्राला चकवणारे जळते फ्लेअर. एका ठिकाणी थांबणं मिनिटांत मोजायचं. टांगलेला बोजा इथेही सोयीचा: न टेकता सोडून लगेच वळता येतं. पोटातला डोझर उतरवायला त्याहून खूप वेळ लागतो. उलट टांगल्याने उड्डाणाचा वेग घटतो आणि इंधन जास्त जातं. दोन्हीतलं निवडताना धोका वाटेत जास्त आहे की उतरण्याच्या जागी, ते पाहायचं.

आणि माणसं शक्यतो जड यंत्रात एकत्र न कोंबता विभागून न्यावीत. माणूस सुटा होतो, मग त्याला सुटाच न्यावा.

टॉर्क

उपलब्धतेचं राहिलं. १५ चिनूक म्हणजे कोणत्याही सकाळी १५ तयार नसतात. काही मोठ्या तपासणीत, काही सुट्या भागांसाठी थांबलेली, काही प्रशिक्षणाला. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला अमेरिकेने आठ आरएच-५३ हेलिकॉप्टरं पाठवली. बेताला किमान सहा हवी होती. एक पात्याच्या बिघाडाच्या इशाऱ्यामुळे वाटेत सोडलं, एक धुळीत उपकरणं बिघडून परतलं, एकाचा हायड्रॉलिक पंप गेला. पाच उरली आणि मोहीम तिथेच रद्द झाली. परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर सी-१३० विमानावर आदळून आठ जण गेले. आठांत दोन राखीव पुरेशी वाटतात, पण वाळवंटी धुळीत लांबच्या उड्डाणाला पुरली नाहीत.

बारीक भागही आख्खा ताफा थांबवतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने इंजिनाच्या आगींमुळे चिनूकचा सगळा ताफा जमिनीवर ठेवला. कारण निघालं इंधनाच्या जोडणीतल्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या कड्या), ज्या ठरलेल्या प्रतीच्या नव्हत्या. भारतानेही तेव्हा माहिती मागवली होती. एमआय-२६ ची अडचण वेगळी: ताफा इतका लहान की प्रत्येक मोठ्या दुरुस्तीला यंत्र रशियावर अवलंबून. तीन यंत्रांसाठी इथे वेगळी कार्यशाळा उभारणं परवडत नाही.

धुळीचंही सांगतो. लडाखची बारीक माती कंप्रेसरची पाती झिजवते आणि रोटरच्या पात्यांची पुढची कड खाते. इंजिनाच्या तोंडाशी धूळ वेगळी काढणारा कणविलगक बसवतात, पण त्याने थोडी शक्ती जाते, म्हणजे पुन्हा बोजा कमी. हेलिपॅडवर पाणी मारणं, खडी दाबणं, धातूची जाळी अंथरणं ही कामं किरकोळ वाटतात, पण इंजिनाचं आयुष्य त्यांनीच वाढतं.

पूर्वांचल

उत्तम धागा. अरुणाचलसारख्या ठिकाणी नव्या चौकीला चिनूक उतरवायचं तर जागा किती आणि कशी करावी? प्रत्यक्ष काय लागतं?

रिगर

चिनूकची रोटरसकट लांबी सुमारे ३० मीटर, एमआय-२६ ची ४०. चिनूकला टेकायचं असेल तर साधारण ८० मीटर व्यासाची मोकळी जागा धरतात, टांगलेला बोजा सोडायचा असेल तर १००. अरुणाचलात एवढी सपाटी क्वचित मिळते, पण सगळी जागा सपाट लागत नाही. मधला चाकं टेकायचा भाग दाबलेला, कडक आणि शक्य तितका सपाट हवा. उताराची मर्यादा साधारण १५ टक्के, त्याहून जास्त असेल तर चाकं टेकवत नाहीत. बाकी वर्तुळात झाड, खांब, तार, सुटे दगड नसावेत. बुंधे जमिनीलगत कापायचे. गुडघाभर बुंधाही पोटाखालचे हूक आणि अँटेना फोडतो.

आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दिशा वाऱ्याकडे तोंड करून असावी, आणि भरलेलं यंत्र उंच झाडीवरून सरळ वर उठवायची वेळ येऊ नये. तिथल्या जंगलात कडेची झाडं कापली नाहीत तर यंत्र विहिरीत उतरल्यासारखं खाली येतं. स्वतःच्याच खालच्या झोतात बसून वेगाने खाली जाण्याचा धोका तिथे असतो: पुढचा वेग फार कमी आणि उतरण्याचा वेग मिनिटाला तीनशे फुटांच्या वर गेला की उचल कोसळते. जास्त शक्ती दिली तर आणखी खाली जातं. सुटका पुढे किंवा बाजूला सरकण्यात आहे, आणि विहिरीत सरकायला जागा नसते.

पावसाळ्यात आणखी एक. माती भिजली की २२ टनांच्या यंत्राचं एक चाक रुततं आणि यंत्र कलतं. दोन बोटं खड्डा पडत असेल तर आधी खडी आणि जाळी, मग हेलिकॉप्टर. वाऱ्याची पिशवी वर्तुळाच्या कडेला लावा. मधोमध खांब रोवलेला पाहिला आहे, तो कधीही नको.

पूर्वांचल

धन्यवाद. जाळी नसेल तर बांबूची चटई किंवा फळ्या चालतील का?

रिगर

सैल अंथरलेली कुठलीच वस्तू नको, झोत ती उचलून पात्यात टाकतो. फळ्या वापरायच्याच तर आडव्या ओंडक्यांना खिळवून, वर कडा मातीत गाडून, आणि आधी एमआय-१७ उतरवून पाहायची.